श्वासाचा काटा

हे तुम्ही मानणार नाही. मानू नका. माझ्या सांगण्यावर आजवर ज्यांनी विश्वास ठेवला त्यांचं भलं झाल्याचं माझ्या ऐकिवात नाही. पण खोटं रचायला कष्ट पडतात, आणि कष्टाची कामं मी या वयात सोडून दिली आहेत. तेव्हा हे झालेलं आहे एवढं धरून चला.

ध्यानाचा वर्ग नुकताच सुटला होता. आम्ही तिघं पायऱ्यांवर बसून पायात चपला-बूट चढवत होतो : मी, निवृत्त नर्सबाई, आणि दोन्ही गुडघे धरून उठणारा एक शिंपी. शिंपी कुरकुरत होता.

"दोन महिने झाले काका, रोज डोळे मिटून बसतोय. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं समाधी लागली. आत नुसता बाजार भरलेला असतो. कुणाचं मन खरंच शांत होतं का हो याने?"

"होतं," मी म्हणालो. "मी एकाचं होताना पाहिलंय. इतकं शांत झालं की डॉक्टर त्याची नाडी बघायला यायचे आणि चुकून शेजारच्याची बघून जायचे."

"नाडी न लागणाऱ्याला शांत म्हणत नाहीत," नर्सबाई पट्टा लावता लावता म्हणाली. "आम्ही त्याला वेगळं काही म्हणायचो."

"ऐकायचंय की रिपोर्ट लिहायचाय?"

"ऐकते. सांगा."

तर मग ऐका.

तेव्हा मी नाजूक तराजू दुरुस्त करणाऱ्या कारखान्यात होतो. भाजीवाल्याचे तराजू नव्हेत. औषधवाल्यांचे, प्रयोगशाळांचे, काचेच्या पेटीत बसवलेले. त्यांना आम्ही नुसतं काटे म्हणायचो. पेटीची पुढची काच खाली असली की आत सगळं निवांत. काच वर सरकवली की काटा उघडा पडतो, आणि मग तुम्ही जवळ जाऊन नुसतं "हं" म्हणालात तरी तो दोन रेघा सरकतो. जांभई दिलीत तर पाच. शिंक आली तर अर्धा दिवस वाया.

म्हणून आमच्या मालकीणबाई नव्या माणसाची एक परीक्षा घ्यायच्या. मागच्या खोलीत दगडी ओट्यावर एक जुना काटा होता, तो फक्त परीक्षेसाठी. माणसाला भिंतीकडे तोंड करून त्याच्यापुढे बसवायचं. काच वर. काटा नाकापासून वीतभर अंतरावर. दहा मिनिटं बोलायचं नाही, मान वळवायची नाही. काटा मधल्या रेघेवरून एक रेघ जरी सरकला तरी घरचा रस्ता. मी सातव्या वेळी पास झालो. आधीच्या सहा वेळा मला हसू फुटलं होतं.

आमच्यातल्या एकाचीच ही परीक्षा झाली नव्हती. त्याला आम्ही भडका म्हणायचो. बाईंनी त्याचा हात पाहिला आणि परीक्षा माफ केली. तसा हात मी पुन्हा पाहिला नाही. तराजूची दांडी ज्या बारीक धारेवर तोललेली असते ती धार मी दिवसभर घासून बसवायचो, आणि संध्याकाळी तो येऊन दोन बोटांनी अशी काही नीट करून जायचा की माझा दिवसभराचा घाम मला पोरखेळ वाटावा. मला त्याचा हेवा वाटायचा का, असं विचारू नका. तुम्ही विचारायच्या आत सांगतोय, नाही वाटायचा.

पण राग! शेजारीपाजारी दूध तापायला ठेवून भडक्याच्या बोलण्याची वाट बघायचे, गॅस वाचायचा. कामाच्या वेळी शिंकलेल्या एका माणसाला त्यानं असा झापला की त्याला पुढे अकरा वर्षं शिंक आली नाही. सर्दी व्हायची, पण ती कानातून वाहायची.

"शक्य नाही ते," नर्सबाई म्हणाली.

"म्हणून तर सांगतोय."

घरीही तेच. मीठ दुकानातून आणलं की ते वजनाला बरोबर आहे का हे तो आधी मोजून बघणार, कमी भरलं की आधी बायकोवर ओरडणार, मग दुकानदारावर. बायको गप्प. आठ वर्षांची मुलगी तर इतकी गप्प की पाहुण्यांना वाटायचं, घरात दोघंच राहतात. एके दिवशी त्यानं साफ करायला घरी आणलेल्या वजनांच्या पेटीतलं पन्नास ग्रॅमचं पितळी वजन जागेवर दिसेना. पोरीनं ते गृहपाठाचा कागद उडू नये म्हणून त्याच्यावर ठेवलं होतं. त्यानं ते उचललं आणि फेकलं. कपाटाचा आरसा फुटला.

"पोरीच्या कानाजवळून गेलं," तो दुसऱ्या दिवशी मला म्हणाला. त्या दिवशी त्यानं एकाही धारेला बोट लावलं नाही. "कानाजवळून रे. एवढंसं अंतर."

त्याच दिवशी बायको मुलीला घेऊन भावाकडे गेली. भाऊ शाळेत पीटी मास्तर. त्याचा आवाज असा की तो घरात बायकोला चहा मागायचा आणि समोरच्या गल्लीतली कुत्री उंचीप्रमाणे रांगेत उभी राहायची. भडका रोज संध्याकाळी त्याच्या दाराशी जाऊन उभा राहायचा. दार उघडायचं नाही. आठव्या दिवशी बायको दाराच्या आतूनच बोलली.

"नऊ वर्षं ऐकतेय, परत नाही होणार. आणखी किती वेळा ऐकू?"

"माझ्या शब्दावर जाऊ नकोस," भडका म्हणाला. "काट्यावर जा."

आता बघा, दुसरी कुठली बाई असती तर म्हणाली असती, हा काय वेडेपणा. पण हिनं नऊ वर्षं या माणसाबरोबर काढली होती. घरातल्या मिठापासून पोरीच्या दप्तरापर्यंत सगळं काट्यावर चढलं होतं, आणि काट्यानं सांगितलं ते घरात शेवटचं. तिनं आतली कडी लावलेलीच ठेवली. मग म्हणाली :

"तीन महिने. तीन महिन्यांनी मी येईन, भाऊ येईल. तुम्ही त्या परीक्षेच्या काट्यापुढे बसायचं. भाऊ तोंडाला येईल ते बोलेल. काटा हलला नाही तर पोरीला घेऊन तुमच्याबरोबर घरी येईन. हलला तर या दाराशी पुन्हा उभं राहायचं नाही. कधीच नाही."

एवढंच पणाला लागलं होतं. बायको, पोर, आणि मधली रेघ.

गल्लीतल्या एका डॉक्टरनं त्याला ध्यान शिकवलं. काही अवघड नाही, तुम्ही आम्ही करतो तेच. ताठ बसा, डोळे मिटा, श्वास येतो कसा जातो कसा ते बघा, मन पळालं की त्याला न रागावता परत आणा. शेवटचं त्याला फार जड गेलं. तो मनाला परत आणायचा, पण कानाला धरून आणायचा. बाईंनी मागच्या खोलीची किल्ली दिली आणि एकच दंडक घातला, परीक्षेच्या काट्याला हात लावायचा नाही. पुसणं, काच वर करणं, सगळं माझ्याकडे. तो रोज सकाळी कामाच्या आधी तासभर यायचा. मी पेटीची काच वर करायचो, तो डोळे मिटून भिंतीकडे तोंड करून बसायचा, आणि मी बाजूच्या स्टुलावर बसून काटा वाचायचो.

पहिल्या दिवशी काटा दोन्ही कडांवर आपटत होता, पिंजऱ्यातल्या उंदरासारखा. आठवड्यानं आठ रेघा. मग सहा. मग चार. एके सकाळी डोळे उघडून तो म्हणाला, "कळलं मला. विचार म्हणजे पारड्यावरची धूळ. फुंकायला गेलं की आणखी उडते. बसू द्यायची."

"मग बसू दे," मी म्हणालो, आणि त्याच्या मागे मुद्दाम डबा पाडला. काटा सात रेघा गेला.

"असं का केलंत?" शिंप्यानं विचारलं.

"सराव नको? मेहुणा काय त्याच्यापुढे अंगाई म्हणणार होता?"

मी त्याला फार सराव दिला. त्याच्या बुटात बर्फाचा खडा ठेवला. त्याच्या पाठीमागे बसून त्याच्याच आवाजात त्याच्याच शिव्या घातल्या. सकाळी गार पाण्याचा थेंब मानेवर टाकायचो, बरोबर कॉलरच्या आत. पहिल्या महिन्यात तो उठून माझ्या अंगावर यायचा. दुसऱ्या महिन्यात नुसते डोळे उघडायचा. मग तेही बंद झालं. खरं सांगतो, माणूस शांत होऊ लागला की आजूबाजूच्यांचे फार हाल होतात. सकाळचा वेळच जाईना.

पण काटा तीन रेघांवर येऊन अडला. तीन म्हणजे तीन. पंधरा दिवस. तो डोळे उघडायचा, माझ्याकडे बघायचा, मी तीन बोटं दाखवायचो. सोळाव्या दिवशी त्यानं भिंतीला डोकं टेकवलं आणि म्हणाला, "नाही जमणार. आत काहीतरी आहे ते बसतच नाही. पोरगी डोळ्यांपुढे येते आणि काटा हलतो."

त्याच संध्याकाळी पुसायच्या निमित्तानं मी दांडीच्या धारेखाली मेणाचा कण लावला. मोहरीच्या दाण्याचे सोळा भाग करा, त्यातला एक घ्या, तेवढा. दांडी जागच्या जागी चिकटली. बाहेरून ब्रह्मदेव आला तरी कळणार नाही.

"का?" नर्सबाई म्हणाली.

"दया आली."

"तुम्हाला?"

"बरं, अर्धी दया."

"आणि उरलेली अर्धी?"

"उरलेली अर्धी गंमत. सकाळी सकाळी माणसाला काहीतरी लागतं."

दुसऱ्या दिवशी तासाभरानं त्यानं डोळे उघडले. मी मूठ दाखवली. त्याला कळेना. मी म्हणालो, "शून्य. मधल्या रेघेवरून हललाच नाही." त्यानं पेटीत डोकावून बघितलं. एवढा मोठा कारागीर, काट्याची नस ओळखणारा. त्याला संशय यायला नको? पण दुसऱ्याच्या तराजूतली खोट लगेच दिसते. स्वतःच्या कौतुकाचं वजन कुणी तपासून घेत नाही. तो रडला. मग बाईंना बोलावून आणलं. बाईंनी चष्मा पुसून काटा बघितला आणि त्याच्या पाठीवर थाप मारली. मी पण मारली. माझी थाप जरा जास्त जोरात बसली असेल.

आता खरी मौज. त्याला वाटलं आपण शांत झालो, आणि तो होऊ लागला! अहो, खरोखरचा! मेणानं झाला म्हणा, श्रद्धेनं म्हणा. एका सकाळी त्याच्या नाकावर माशी बसली. ती तिथेच वयात आली, म्हातारी झाली आणि कंटाळून गेली. भिंतीवरचं घड्याळ त्याच्यासमोर टिकटिक करायला लाजायला लागलं. मी त्याची पितळी वजनं उलटीपालटी केली, तो मुकाट्यानं लावत बसला. त्यानं चार दिवस खपून बसवलेली धार मी "चुकून" खाली पाडली. तो म्हणाला, "पडली." एवढंच. पडली! मला रात्रभर झोप नाही.

मग मी खोल गेलो. एकदा त्याला म्हणालो, "पोरगी म्हणे मामाला बाबा म्हणायला लागलीय."

तो बराच वेळ धार पुसत राहिला. म्हणाला, "कुणाला तरी म्हणायला हवंच ना."

"काय माणूस आहात हो तुम्ही," शिंपी म्हणाला. त्यात कौतुक होतं की काय ते मला नीट कळलं नाही.

परीक्षेचा दिवस सुट्टीचा होता. बाई गावाला गेल्या होत्या, किल्ली माझ्याकडे. सकाळी सगळ्यात आधी मी काय केलं? मेण काढलं. नखानं. मला स्पष्ट आठवतंय, नख थोडं दुखलंही. म्हटलं, आज खऱ्याखोट्याचा निवाडा आहे, आज लबाडी नको. माणसाला थोडी तरी लाज असते. मग मी काच वर केली.

भडका नवा शर्ट घालून आला. भिंतीकडे तोंड करून बसला, डोळे मिटले. मग बायको आली. तिच्या हातात कपड्यांची पिशवी होती, भरलेली, चेन लावलेली. ती तिनं दाराच्या आत ठेवली. ती पिशवी सगळ्यांनी बघितली. परत जायचं असतं तर कुणी एवढे कपडे भरून आणत नाही. तिच्यामागे पोरगी. तिच्यामागे मास्तर, गळ्यात शिट्टी.

नवऱ्याची फक्त पाठ दिसत होती त्यांना, आणि खांद्यावरून काटा. मी बाजूला स्टुलावर. घड्याळ माझ्या हातात.

"सुरू," मी म्हणालो.

मास्तर पुढे झाला. मी जन्मभर लोकांना टोचून जगलो, पण त्या माणसापुढे मी सुईसुद्धा नव्हे.

"दाजी, तुमच्या हाताखाली हजारो काटे सरळ झाले, आणि माझी ताई तेवढी वाकली. कुणी मोठ्यानं बोललं की ताटावरून उठते ती. आपल्याच घरातून पळायची सवय लावलीत तिला, शाबास!"

काटा मधल्या रेघेवर.

"पोरगी झोपेत दचकते तेव्हा कुणाला हाक मारते माहितीय? माझ्या बायकोला. शाळेच्या फॉर्मवर वडिलांच्या रकान्यात तिनं रेघ ओढली. वर्गाच्या बाईंनी विचारलं, वडील नाहीत का? ही म्हणाली, असतात, पण नकोत."

काटा मधल्या रेघेवर. भडक्याच्या पाठीवर शर्ट जरासुद्धा हलत नव्हता.

मास्तर चिडला. जिंकायची सवय असलेला माणूस. तो भडक्याच्या खांद्यावरून वाकला, गाल त्याच्या गालाला लागेल इतका, तोंड थेट पेटीपाशी, आणि त्यानं शिट्टी फुंकली. एकदा नाही, तीनदा. तावदानं थरथरली. बाहेर रस्त्यावर दोन सायकलवाले उतरून सावधान उभे राहिले. माझ्या कानात पुढे आठवडाभर शाळा भरत होती.

काटा? खिळा ठोकल्यासारखा. एक रेघ नाही, अर्धी नाही.

मास्तर मागे सरला. त्याच्या चेहऱ्यावरचं सगळं उतरलं. बहिणीला म्हणाला, "जिंकला गं हा. जा." आणि त्या बाईच्या तोंडावर जे आलं ना, ते मी नऊ वर्षांत एकदाही पाहिलं नव्हतं. सहा मिनिटं झाली होती. ती पिशवी उचलायला वाकली.

तेवढ्यात पोरगी पुढे आली. तिला कुणी सांगितलं नव्हतं. ओट्यावर दोन्ही कोपरं टेकून ती बापाच्या कानाशी लागली. हळूच बोलली, पण त्या खोलीत टाचणी पडली तरी ऐकू आली असती.

"बाबा, मला या कानानं ऐकू येत नाही. तुम्ही वजन फेकलं ना, तेव्हापासून. आई म्हणाली सांगू नकोस, बाबा स्वतःवर चिडतील. पण आता तुम्ही चिडत नाही ना? म्हणून सांगते."

शिंप्यानं बुटाची लेस सोडून दिली. नर्सबाई माझ्याकडे बघत होती.

"त्याला माहीत नव्हतं?" ती म्हणाली.

"माहीत नव्हतं. कानाजवळून गेलं, एवढंच धरून बसला होता तो तीन महिने."

बायको वाकलेली तशीच थांबली. ती पोरीकडे बघत नव्हती, नवऱ्याच्या पाठीकडेही बघत नव्हती. काट्याकडे बघत होती. मग मला म्हणाली, "भाऊजी, माझी नजर चुकत असेल. तुम्ही जवळ आहात. हलला का?"

"आणि तुम्ही काय सांगितलंत?" नर्सबाई म्हणाली.

"काय सांगणार? काट्यावर होतं ते सांगितलं. नाही वहिनी, केसभरही नाही."

"तुम्ही बाजूला होतात. त्याचं तोंड दिसत होतं तुम्हाला."

"दिसत होतं."

"कसं होतं?"

"घामाघूम. गरमी होती खोलीत."

"गालांवर?"

"गालांवरही येतो घाम, बाई. तुम्ही नर्स आहात, तुम्हाला माहीत हवं."

तो का बोलला नाही, असं तुम्ही विचाराल. अहो, बोलला असता तर हरला असता! दहा मिनिटं मान वळवायची नाही, तोंड उघडायचं नाही. चार मिनिटं उरली होती. चार मिनिटं गप्प बसलं की पोरगी घरी येणार, मग त्या कानाला धरून जन्मभर रडता येणार होतं. हिशेब बरोबर होता त्याचा. दोन्ही मुठी मांडीवर अशा आवळल्या होत्या की बोटं पांढरी पडली होती, पण त्या मागून दिसत नव्हत्या. मागून दिसत होता काटा.

बायकोनं पोरीला उचलून कडेवर घेतलं. आठ वर्षांची पोर, पाय गुडघ्यापर्यंत लोंबत होते.

"रागीट माणसाबरोबर मी नऊ वर्षं काढली," ती म्हणाली. कुणाला म्हणाली कुणास ठाऊक, इतकं हळू की शिट्टीनं बधिरलेल्या भडक्याच्या कानांपर्यंत ते पोचलं नसावं. "रागीट असला तरी माणूस होता. पोरीचा कान गेला हे ऐकून ज्याचा श्वाससुद्धा अडखळत नाही, त्याच्याबरोबर मी नऊ मिनिटं नाही राहणार."

मास्तरानं पिशवी उचलली. तिघंही गेली. जिन्यावर पावलं वाजली, एक, दोन, आणि मध्येच पोरीचं काहीतरी बोलणं. भडक्याच्या खांद्याला किंचित उभारी आल्यासारखं मला वाटलं. त्याला वाटलं असावं, गाडी बघायला गेले. उरलेला वेळ तो तसाच बसून राहिला. मी वेळ कमी केली नाही. नियम म्हणजे नियम.

"वेळ संपली," मी म्हणालो.

त्यानं डोळे उघडले. आधी काटा बघितला. मग माझ्याकडे.

"जमलं?"

"जमलं. एक रेघही नाही."

तो हसला. तोंड सगळं ओलं, आणि हसला. बाहीनं गाल पुसले, शर्ट नीट केला, दाराकडे वळला. जिथं पिशवी होती तिथं बघितलं.

"कुठे गेल्या दोघी?"

इथं मी चप्पल उगाच काढून पुन्हा घातली. शिंपी म्हणाला, "मग?"

मग काय! मग ऐका खरी कमाल. त्याला सांगितलं तर तो परत जाऊन काट्यापुढे बसला. इतका शांत, इतका शांत, की दुसऱ्या दिवशी बाई आल्या तेव्हा त्यांनी त्याला ओटा समजून त्याच्यावर डबा ठेवला. आठवड्यानं आम्ही दगडी ओटा काढून टाकला आणि काटे त्याच्या मांडीवर ठेवून तपासायला लागलो. भूकंप झाला, शहरातले सगळे काटे बिघडले, आमचा एकही नाही. लांबून लांबून लोक त्याच्याकडून शांती शिकायला यायचे. तो काही बोलायचा नाही, पण बघूनच लोकांचे रक्तदाब उतरायचे. त्याच्या डोक्यावर चिमणीनं घरटं केलं, पिल्लं उडून गेली, तरी त्याला पत्ता नाही. ध्यानाचं सामर्थ्य म्हणतात ते हे. मेण नाही, मंत्र नाही, नुसता रोजचा सराव. बायकोनंच घाई केली, दुसरं काय. नशीब एकेकाचं.

शिंप्याचं तोंड उघडंच राहिलं होतं. "म्हणजे बेतानंच करायला हवं हो हे," तो म्हणाला. "एवढी शांती माझ्या घरात नाही परवडायची."

"तेच सांगतोय," मी म्हणालो आणि उठलो.

नर्सबाई उठली नाही.

"बसा काका," ती म्हणाली. "काच वर होती. तो मास्तर पेटीत तोंड घालून तीनदा शिट्टी फुंकत होता. त्या भडक्याचं मन शांत असो की पेटलेलं असो, तेवढ्या हवेनं काटा कडेवर आपटायला हवा होता. मेण तुम्ही काढलंच नव्हतं."